तेंडोलकर आणि सात नंबरचा वड

तेंडोलकरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पालथे पडले होते आणि मी ॲम्ब्युलन्सला फोन लावत होते.

आखातातल्या खलिफा सिटीत, बंगल्यांच्या या कंपाउंडमध्ये राहायला येऊन आम्हाला दोनच दिवस झाले होते. ऑगस्टमधली सकाळ, सहाचा सुमार, आणि बाहेर असा दमट उकाडा की दार उघडल्याबरोबर चष्म्यावर वाफ धरावी. मी कचऱ्याची पिशवी घेऊन निघाले, तर हिरवळीवर पन्नाशी उलटलेला एक गृहस्थ पोटावर आडवा. तोंड एका झाडाच्या बुंध्याशी खुपसलेलं. मी किंचाळलेच, "अहो, ओ! क्या हुआ? तबियत ठीक है ना?"

गृहस्थाने मानसुद्धा वळवली नाही. "मला काही झालेलं नाही," तो शुद्ध मराठीत म्हणाला, "ह्याला झालंय. टॉर्च धरता का जरा?"

मी फोन खिशात टाकला आणि टॉर्च धरली. त्याला आता चार वर्षं होत आली. अजून धरतेच आहे.

तेंडोलकर मूळचे कुडाळचे. नोकरीने वेल्डिंग इन्स्पेक्टर. म्हणजे वाळवंटात तेलाच्या पाइपलाइनी टाकतात, त्यांचे सांधे दुसऱ्याने जोडायचे आणि तेंडोलकरांनी नापास करायचे. अठ्ठावीस वर्षं हेच केल्यावर माणसाचं काय होतं, ते आमच्या कंपाउंडने बघितलंय. त्यांना कुठलीही अखंड गोष्ट बघवत नाही. तुमच्याकडे जेवायला आले तर पानावर बसण्याआधी टेबलाच्या पायावर टिचकी मारून ऐकतात. माझी मुलगी अन्वी एकदा सायकलवरून पडून रडत घरी येत होती. वाटेत तेंडोलकर भेटले. त्यांनी औषध, फुंकर वगैरे काही केलं नाही, खिशातून टेप काढली. पोरगी रडायची थांबून ओरडली, "मम्मा, अंकल इज मेजरिंग माय नी!"

"जखमेची उंची महत्त्वाची असते, वहिनी," ते मला शांतपणे म्हणाले. "उंचीवरून गुन्हेगार कळतो."

हे त्यांचं आवडतं सूत्र. पण माणसं आणि टेबलं हा नुसता जोडधंदा. खरा जीव झाडांवर, आणि त्यातही कोवळ्या झाडांवर. आमच्या कंपाउंडच्या मालकाने पाच वर्षांपूर्वी भिंतीच्या कडेने बावीस रोपं लावली होती. कडुनिंब, गुलमोहर, एक-दोन वड. तेंडोलकरांनी प्रत्येकाला पत्र्याचा नंबर लावला, प्रत्येकाच्या नावाने रजिस्टरमध्ये पान उघडलं, आणि रोज सकाळी ऑफिसची गाडी येण्याआधी ते राउंडला निघू लागले. एका खिशात भिंग, दुसऱ्यात दातांचे डॉक्टर वापरतात तसला इवलासा आरसा, आणि हातात स्टीलचा चमचा. चमच्याच्या पाठीने खोडावर टकटक करायचं. भरीव आवाज आला तर पुढे. पोकळ आला तर आमची सकाळ संपली.

"पानं बघू नका हो," ते वैतागून म्हणत. "पानं तक्रार करतात. कारण खोडात असतं. आणि खोड डोळ्यांनी नाही, नखाने बघायचं." मग अंगठ्याच्या नखाने साल किंचित खरवडायची. आत हिरवं दिसलं की जिवंत, तपकिरी दिसलं की तेवढा भाग गेला.

एवढं ऐकून तुम्हाला वाटेल की माणूस हुशार आहे, लोक ऐकत असतील. छे! आमच्या कंपाउंडमध्ये सगळेच मॅनेजर. ऐकायला कुणी शिल्लकच नाही. चार नंबर व्हिलातल्या कुलकर्ण्यांच्या शेवग्याची साल उभी फाटली, तेव्हा कुलकर्णी कीड म्हणून महिनाभर फवारे मारत होते. तेंडोलकर होकायंत्र घेऊन गेले. "फाटलंय कुठल्या बाजूला? नैऋत्येला. कीड काय दिशा बघून बसते? हे दुपारचं ऊन आहे. तुमचं झाड भाजलंय." कुलकर्णी हसले. दुसऱ्या दिवशी उठून बघतात तर शेवग्याने तेंडोलकरांचा जुना पांढरा बनियन घातलेला! ऊन परतवायला पांढरं काहीतरी हवं होतं आणि हाताशी तेच होतं. कंपाउंडच्या मेंटेनन्स कंपनीच्या सुपरवायझरने "अनसाइटली आर्टिकल", म्हणजे डोळ्यांना खुपणारी वस्तू, म्हणून नोटीस लावली. नोटीस ऊन खाऊन पिवळी पडली, बनियन तसाच राहिला आणि शेवग्याला यंदा शेंगा आल्या. कुलकर्णी त्या शेंगा वाटताना सांगत होते की फवाऱ्याचा गुण.

तेंडोलकरांच्या पत्नी नलिनीवहिनी. मी आल्यानंतर वर्षभर त्या इथे होत्या. बारीक, हसऱ्या, दिवसभर शिलाई मशीनवर. अर्ध्या कंपाउंडचे ब्लाउज त्यांनी शिवले. त्या एकदा मला म्हणाल्या, "अगं, मला ताप आला तर हा माणूस कपाळावर हात नाही ठेवत. विचारतो, कधीपासून? कुठल्या बाजूने सुरू झाला?" आम्ही दोघी खूप हसलो होतो. मग एका जुलैत त्या गुडघ्याच्या निमित्ताने कुडाळला गेल्या. तेंडोलकर म्हणाले, नोव्हेंबरात येतेय. नोव्हेंबर आला आणि गेला. पुढचेही गेले. विचारलं की तेच उत्तर, "इन्शाल्ला, नोव्हेंबरात." हळूहळू आम्ही विचारणं सोडून दिलं.

आता मूळ प्रकरण. यंदाच्या मे महिन्यात सात नंबरचा वड मान टाकायला लागला.

हा वड म्हणजे आम्हा बायकांचा सांस्कृतिक कणा. वटपौर्णिमेला आम्ही अकरा जणी पहाटे, ऊन चढण्याआधी, नऊवारी नेसून त्याची पूजा करतो. व्रतावर कुणाचा किती विश्वास आहे ते विचारू नका, फोटो फार छान येतात. तर वटपौर्णिमा तीन आठवड्यांवर आणि वडाची पानं पिवळी, बारकी, वरच्या दोन फांद्या वाळक्या. कंपाउंडच्या ग्रुपवर हाहाकार उडाला. आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी पहिली पोस्ट कुणी टाकली? मीच. 'धिस इज प्युअर निग्लिजन्स. माळी गवत कापायचं मशीन बेफिकीर चालवतो, सगळी खोडं सोलून काढलीयेत.' खाली अकरा अंगठे.

माळी म्हणजे भानुदास. बीडकडचा. आमची अक्कल बघा, त्याच्याशी आम्ही वर्षभर हिंदीत बोलत होतो आणि तोही बिचारा आमच्याशी हिंदीत. मग एकदा त्याच्या पायाला विंचू चावला आणि तो "आई गं" म्हणाला, तेव्हा कळलं.

सुपरवायझर गुरुवारी आला. झाडाकडे दहा सेकंद आणि माझ्या पोस्टकडे दोन मिनिटं बघितलं. निकाल दिला. झाड सोमवारी काढायचं, माळीही सोमवारपासून नको. कंपनीकडे दुसऱ्या साइटवरही जागा नाही, तेव्हा व्हिसा कॅन्सल आणि घरी. "मॅडम, कम्प्लेंट रिझॉल्व्ड," असं वर मलाच म्हणाला. खलास!

संध्याकाळी भानुदास दारात उभा. टोपी हातात. "ताई, त्या झाडापाशी मी मशीन नेतच न्हाई. तिथलं गवत हातानं उपटतो. तेंडोलकर साहेबांनी सांगितलंय तसं. पोरगी बारावीला हाय. असा मधीच गेलो तर गावात म्हणतील, काहीतरी चोरीबिरी केली असल. तुम्ही एक शब्द टाका."

पोस्ट टाकताना माझ्या डोळ्यांपुढे 'माळी' होता, हा माणूस नव्हता. नवरा म्हणाला, "तेंडोलकरांना सांग. त्यांचा रिपोर्ट असला तर सुपरवायझर ऐकेल." खरंच की! तेंडोलकर एरवी न विचारता रिपोर्ट देतात, विचारल्यावर तर ग्रंथ देतील. मी तशीच उठून गेले.

तेंडोलकर डायनिंग टेबलाशी बसले होते. सगळं ऐकलं. चष्मा पुसला. पुन्हा पुसला. म्हणाले, "निरीक्षण चालू आहे."

"अहो, पण सोमवारी भानुदासला काढतायत!"

"घाईने काढलेला निष्कर्ष..."

मी समोरचं रजिस्टर ओढलं आणि सात नंबरचं पान काढलं. फेब्रुवारीपासून दर आठवड्याला एकच ओळ. निरीक्षण चालू. निरीक्षण चालू. बाकीच्या एकवीस झाडांची बारीक अक्षरात पानंच्या पानं भरलेली, चमच्याच्या आवाजासकट, आणि हा माणूस या एकाच झाडापाशी चार महिने मुका! माझा पारा चढला. "भावजी, हे चोर सोडून संन्याशाला फाशी चाललंय. आणि तुम्हाला चोर माहीत आहे असं मला वाटतंय."

मी टेबलावरचा चमचा आणि टॉर्च उचलली आणि निघाले. चार वर्षं ज्या माणसाची टॉर्च धरली त्याची विद्या थोडी तरी लागली असणारच.

वडापाशी पोचले. आधी उंची. मशीनची जखम कुठे असते? जमिनीपासून चार बोटांवर. मी खाली वाकून बुंध्याभोवती हात फिरवला. साल गुळगुळीत, एक ओरखडा नाही. शिवाय भानुदासने पाइपचा तुकडा उभा चिरून त्याची कड लावलेली, मशीन लागू नये म्हणून. मग चमच्याने वर वर वाजवत गेले. कंबरेच्या उंचीवर खोड विचित्र दिसलं. तिथे एक खोल खाच, खाचेच्या वर साल सुजून फुगलेली, खाली मात्र खोड बारीकच राहिलेलं. पट्टा फार आवळून बांधला की पोट वर येतं ना, तसं. पानांनी तयार केलेलं अन्न खाली मुळांकडे जाताना तिथेच अडत होतं. एवढं मलाही कळलं. पण आवळलं कशाने? खाचेत नख घातलं. चीक लागला. अजून खोल घातलं तर काहीतरी टणक, पांढरं, पीळ असलेलं. ओढलं तर तुटेना.

मी टॉर्च अगदी खाचेला लावली.

तो माझा दोरा होता. दोन वर्षांपूर्वी वटपौर्णिमेला सुती दोरा कुठे मिळेना. सुपरमार्केटात मिळाला तो फेऱ्या मारताना सारखा तुटत होता, आणि फेऱ्या मारताना दोरा तुटणं म्हणजे अशुभ. म्हणून मी मुसाफ्फाच्या औद्योगिक भागातल्या हार्डवेअरच्या दुकानातून मासेमारीची जाळी विणायचा नायलॉनचा दोरा आणला. बारा दिरहम, म्हणजे जवळजवळ तीनशे रुपये! सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं. मृणालने आणलाय म्हणजे सात जन्म हलायचा नाही. अकरा बायका, प्रत्येकीचे सात फेरे, दोन वर्षं. नवऱ्यांना आयुष्य मागता मागता आम्ही सगळ्यांनी मिळून वडाचा गळा आवळला होता. आणि फाशी भानुदासला.

"ते वरचं आहे," मागून आवाज आला. तेंडोलकर आले होते, घरातल्याच चपलांवर. "खाली अजून एक आहे."

त्यांनी माझ्या हातातून टॉर्च घेतली आणि छोटा आरसा खाचेत तिरका धरला. पांढऱ्या नायलॉनच्याही आत, जवळजवळ लाकडात रुतलेली, जांभळी बारीक रेघ दिसली. शिलाई मशीनचा दोरा. मला एकदम आठवलं. मी आल्यानंतरची पहिली वटपौर्णिमा. तेव्हा आम्ही कुणीच पूजा करत नव्हतो, उलट चेष्टा करायचो. एकट्या नलिनीवहिनी मनगटाएवढ्या या वडाला फेरे घालत होत्या, हातात जांभळं रीळ. पुढच्याच महिन्यात त्या गेल्या.

"फेब्रुवारीत सापडलं," तेंडोलकर म्हणाले. "झाड वाचवायचं तर सगळे दोरे काढावे लागतील. मला वाटलं, बघू, नोव्हेंबरपर्यंत तग धरेल. ती आली की तिलाच विचारू." मग म्हणाले, "भानुदासचं असं होईल हे लक्षात आलं नाही. चूक झाली. इन्स्पेक्टरने हे करायला नको होतं."

मला त्यांचा रागही आला आणि कीवही आली. एक माणूस चार महिने रोज सकाळी एका झाडासमोर उभा राहतो, त्याला रोग माहीत असतो, औषध माहीत असतं, आणि तो वहीत 'निरीक्षण चालू' लिहून ऑफिसला जातो. कारण तीन वर्षांपूर्वी आपल्या बायकोला आपण सात जन्म हवे होतो याचा एवढाच काय तो पुरावा त्याच्याकडे उरलाय.

शुक्रवारी त्यांनी रिपोर्ट लिहिला. चार पानं, फोटोंसकट, उंचीच्या मापासकट. कारण: दोरा. बांधणारे: रहिवासी. माळ्याचा दोष: शून्य. निष्काळजीपणा: निरीक्षकाचा, फेब्रुवारीपासून. ती शेवटची ओळ त्यांनी स्वतःहून घातली. मी ग्रुपवर माफी मागितली, दोऱ्याच्या फोटोसह. त्याला एकही अंगठा आला नाही. एकीने एवढंच विचारलं की मग यंदा पूजा कुठे. सुपरवायझरने रिपोर्ट दोनदा वाचला, कारण 'सात जन्म' म्हणजे काय ते त्याला कळेना. शेवटी म्हणाला, "ओके, माळी राहू दे. झाडाला एक चान्स. पण मला उद्या संध्याकाळपर्यंत ते क्लीन हवं. एक धागाही नको."

शनिवारी सकाळी आम्ही तिघं जमलो. तेंडोलकर, भानुदास आणि मी. तेंडोलकरांनी ब्लेडने नायलॉन असा काढला की टाके काढणारे डॉक्टरही बघत राहिले असते. एकेक तुकडा सोडवायचा, साल न दुखवता. दीड तास लागला. भानुदास मधून मधून ओल्या फडक्याने चीक पुसत होता. मग जांभळा दोरा उघडा पडला आणि तेंडोलकरांचा हात थांबला.

"साहेब, मी कापू का?" भानुदास हळूच म्हणाला.

"थांब जरा." त्यांनी फोन काढला. दोऱ्याचा फोटो घेतला. शेजारी मापाला पट्टी ठेवून, सवयीने. नलिनीवहिनींना पाठवला. मग उभं राहून टाइप केलं आणि मला वाचून दाखवलं, "'सात नंबरचा वड. हा तुझा आहे. झाडाला काचतोय. काय करू?' बरोबर आहे ना, वहिनी?"

मी म्हटलं, बरोबर आहे.

ऊन चढायला लागलं होतं. भानुदासने पाइपमधलं पाणी पिऊन घेतलं. पाच मिनिटं गेली असतील. फोन वाजला. तेंडोलकरांनी वाचलं, भिंग काढून पुन्हा वाचलं, आणि फोन माझ्यापुढे धरला. उत्तर एकाच शब्दाचं होतं.

'कापा.'

"वहिनी," तेंडोलकर म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली मी कधी ऐकला नव्हता. "तुम्ही ओळखता तिला. हे रागाने लिहिलंय, की सहज?"

अठ्ठावीस वर्षं हा माणूस लोखंडात केसाएवढी भेग शोधतोय. सालीवरून झाडाचं दुखणं सांगतो. आणि बायकोचा एक शब्द घेऊन माझ्यासारख्या बाईपुढे उभा होता. मी त्या शब्दाकडे बघितलं. राग होता की नव्हता, देव जाणे. मला काही कळलं नाही.

"सहज आहे," मी म्हटलं.

"खात्री?"

"शंभर टक्के, भावजी."

त्यांनी कारण विचारलं नाही. पुरावा मागितला नाही. नुसती मान हलवली, वाकले आणि एका हाताने ब्लेड चालवलं. जांभळा दोरा सुटला. दुसऱ्या हातातला फोन मात्र त्यांनी खाली ठेवला नाही. माझी नजर सहज तिकडे गेली. वहिनींच्या नावाखाली 'टायपिंग' असं दिसत होतं. मग ते गेलं. मग पुन्हा आलं. भानुदासने टोपी काढून घाम पुसला, मी घड्याळात बघितलं, पण तिथून कुणी हललं नाही.